दोन यीचून, दोन आमडोह

आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवरची एक चिठ्ठी अजूनही चिकटलेली आहे. पट्टी धरून काढावं तसं सरळ अक्षर. 'मीठ. साखरेच्या डावीकडे, हळदीच्या शेजारी, खिडकीखाली.' आता मीठ म्हटलं की मीठ, त्याला शेजार कायला लागतो? पण एकदा माझ्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं आणि तो चहा नेमका आमच्या भाडेकरूच्या वाट्याला गेला. त्यांनी पूर्ण कप पिऊन बशी पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाताची खळ आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन हजर. तासाभरात माझ्या सगळ्या डब्यांना पत्ते मिळाले.

या माणसाला आम्ही बाबूजी म्हणायचो. पोस्टातले बाबू, म्हणून बाबूजी. जन्मभर टपालाच्या सॉर्टिंगला होते. म्हणजे समोर लाकडी खान्यांची भिंत, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा, आणि कोणत्या गावची चिठ्ठी कोणत्या खान्यात, हे न थांबता टाकत राहायचं. आमच्या ह्यांचं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान, त्या पार्सलांपायी दोघांची ओळख झाली. बाबूजी रिटायर झाले, बायको नव्हती, लेकरू नव्हतं. हे म्हणाले, "पुढची खोली रिकामीच हाय, राहा न भाऊ." तसे आले. पुढं हे गेले, पण बाबूजी राहिले. घरात एक मोठं माणूस आहे एवढ्यानंच मला धीर वाटायचा, खोटं कायला सांगू.

त्यांचं एकच वेड. कुणी गावाचं नाव घेतलं की विचारायचे, "कोणतं?"

दारात पाहुणे आले. मी म्हणाली, "बाबूजी, हे पिंपळगावचे."

"कोणतं पिंपळगाव जी?"

पाहुणे बिचारे हसले. "आता पिंपळगाव म्हणजे पिंपळगाव."

"नदी सांगा. नदी नसल तर बोडी सांगा, तळं सांगा. शेजारचं गाव सांगा. नाव एकटं नका सांगू. एकट्या नावावर मी पोस्टकार्ड बी नाही टाकत."

नाव, नदी, शेजार. हा त्यांचा मंत्र. आमच्याकडे एका नावाची गावं भाताच्या रोपासारखी, एक उपटलं तर हातात चार येतात. कुठं खुर्द लावतात, कुठं बुद्रुक, कुठं काहीच नाही. आमच्याच नात्यातल्या एका लग्नात दुपारची वरात दुसऱ्याच पिंपळगावला जाऊन उतरली होती. तिथंही त्या दिवशी लग्न होतं. लोकांनी पंगतीला बसवलं, बसली मंडळी. कढी वाढेपर्यंत कुणाला कळलं नाही की नवरी आपली नाही. बाबूजींना ही गोष्ट सांगितली तर सगळे हसले, ते एकटे हसले नाहीत. कपाळाला हात लावून म्हणाले, "पत्रिकेवर नदी नव्हती न."

असा हा माणूस चीनच्या वाटेला लागला तो माझ्या नातीमुळं.

नात म्हणजे रेणू, माझ्या लेकाची पोरगी. तिला डॉक्टर व्हायचं होतं, इथं जागा मिळाली नाही, तर चीनमध्ये मिळाली. गावाचं नाव यीचून. माझी सून वनिता, तिनं लगेच मोबाइलवर यीचून काढलं. तर काय, सगळीकडे बर्फ. झाडं पांढरी, घरं पांढरी, माणसाच्या मिशासुद्धा पांढऱ्या. वनितानं रडून घर डोक्यावर घेतलं. "माय वो, पोरगी गोठून जाईन तिथं!" मग नागपूरहून चार स्वेटर आले, दोन कानटोप्या आल्या, मी स्वतः जुन्या लोकरीचे मोजे विणले. उन्हाळ्याचे दिवस, अंगणात अंडं फुटून भाजावं असं ऊन, आणि आम्ही लोकर विणत बसलेल्या.

बाबूजी दारात उभे राहिले. लोकरीकडे पाहिलं. मला माहीत होतं आता काय येणार.

"कोणतं यीचून?"

वनिता चिडली. "बाबूजी, तुमचं पिंपळगाव इथी ठेवा. थो चीन हाय."

"चीनमधी का एकच पिंपळगाव रायते का?" असं म्हणून त्यांनी तिच्या हातून कॉलेजचा कागद घेतला आणि आपल्या खोलीत गेले. दोन दिवस दार लोटलेलं. लायब्ररीतून मोठा नकाशा आणला, रेणूचा जुना मोबाइल मागून घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले, चेहऱ्यावर असा आनंद की जणू चुकलेलं पार्सल सापडलं.

"दोन हायेत वहिनी. दोन यीचून. एक पार वरतं, रशियाच्या बाजूले, जंगलात. वनितानं पाह्यलं ते थे. दुसरं खाली, दक्षिणेत. या कागदावर प्रांताचं नाव हाय, थे दक्षिणेतलं. आपली पोरगी दक्षिणेत चालली. तिथं नदी हाय, अन् नदीच्या काठानं धान होते."

"धान?" मी विचारलं.

"धान. आपल्यासारखं. रोवणी करतात बाया, चिखलात वाकून."

तुम्हाला सांगते, त्या एका शब्दानं माझा जीव भांड्यात पडला. तोपर्यंत नात परमुलखात चालली होती. धान म्हटल्यावर ती कुणाच्या तरी बांधावर चालली असं वाटलं. वनितानं डोळे पुसले आणि तीन स्वेटर परत करायला काढले. बाबूजी म्हणाले, "दोन ठेवजो. थंडी तिथं बी असते. पण मिशा नाही गोठत."

तेव्हापासून ती वही सुरू झाली. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट. तिच्यात चीनमधली एका नावाची गावं. फुझोऊ दोन, एक समुद्राकाठचं, एक आत डोंगराकडचं. यूलिन दोन, एका ठिकाणी रेती उडते तर एका ठिकाणी फळबागा. सूझोऊ तर तीन. एक रेशमाचं, तिथं गल्लीगल्लीतून पाणी वाहते. ते त्यांनी आमच्या शेजारच्या विणकरांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, जणू स्वतः तिथं कोसा रेशीम विकून आले. दुसरं गव्हाच्या मुलखातलं. तिसरं जुन्या काळचं, वाळवंटाच्या वाटेवरचं. ते शहर आता त्या नावानं राहिलंच नाही, पण बाबूजींनी त्यालाही एक ओळ दिली होती. मी म्हणाली, "जे राहिलं नाही ते कायले लिहिता?" तर म्हणाले, "जुन्या तारखेची चिठ्ठी आली तर?"

चिनी लिपीत यातली बरीच नावं वेगवेगळी लिहितात, ते पण त्यांनी शोधून काढलं होतं. "पण त्यानं आपलं काम नाही होत," म्हणायचे. "आपल्या तोंडात आले का सारे सारखेच. आपल्याले नदीच पाह्यजे."

दर रविवारी दुपारी रेणूचा व्हिडिओ फोन यायचा. आईबापाचं बोलणं झालं की मोबाइल बाबूजींच्या हातात. पोरगी मोठी गुणाची, हसत हसत सगळं ऐकायची.

"बाबूजी, आज काय?"

"तुमच्या यीचूनचा जुना परगणा युआनझोऊ. बरोबर?"

"बरोबर. अजून एका भागाचं नाव तेच आहे."

"मंग आता ऐक. युआनझोऊ बी तीन हायेत." आणि बोटावर मोजायला सुरुवात. मागून वनिता मला खुणा करायची, पोरीनं जेवण केलं का तेवढं तरी विचारू द्या म्हणावं.

आता हे सगळं गमतीचं झालं. पण बाबूजींच्या वेडाला एक दुखरी बाजू होती, ती सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं व्हायचं नाही.

त्यांचं स्वतःचं गाव आमडोह. वैनगंगेच्या काठचं. गोसीखुर्दच्या धरणात गेलं. गावच्या लोकांना पवनी तालुक्यात, अड्याळकडच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला प्लॉट पाडून दिले, आणि त्या नव्या वस्तीचं नावही आमडोहच ठेवलं. पुढं कंसात पुनर्वसन. गाव उठलं तेव्हा बाबूजी नोकरीतच होते. आमडोहच्या खान्यावरची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या नखानं खरवडून काढली. महिन्याभरानं साहेबांनी सांगितलं, त्याच नावाची नवी चिठ्ठी लावा. बाबूजींनी लावली नाही. दुसऱ्यानं लावली. जुनी चिठ्ठी त्यांच्या चष्म्याच्या डबीत होती, मी पाहिलेली आहे.

"नाव जागेचं असते वहिनी," ते म्हणायचे. "जागा बुडाली, नाव बुडालं. दुसऱ्या जागेले तेच नाव देणं म्हणजे मेलेल्याच्या नावानं दुसऱ्याची चिठ्ठी घेणं."

त्या नव्या आमडोहमध्ये त्यांची सख्खी मोठी बहीण राहत होती. विधवा, लेकाजवळ. लहानपणी बाबूजींनी शाळेत जे शिकून यावं ते संध्याकाळी नदीच्या रेतीवर बोटानं काढून बहिणीला शिकवलेलं. त्या काळी पोरीला कोण शाळेत घालत होतं? मीही अशीच शिकली, दुकानच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून. त्यामुळं त्या बाईबद्दल मला न पाहताच माया वाटायची.

ती दर वर्षी राखी पाठवायची. पाकिटावर मागे तिचा पत्ता, आमडोह, पुनर्वसन. बाबूजी पाकीट हातात घ्यायचे, दोन्ही बाजू पाहायचे. मग लाल पेन काढून पट्टी धरून लिहायचे, 'पत्ता अपुरा. पाठवणाऱ्याकडे परत.'

पहिल्या वर्षी मी चकितच झाली. "बाबूजी, पत्ता तर पुरा हाय. घर माह्यं, नाव तुमचं. अपुरं काय त्याच्यात?"

"पाठवणाऱ्याचा अपुरा हाय. असं गाव नाही."

"बहीण तर हाय न?"

"बहीण हाय. गाव नाही." आणि पाकीट माझ्या हातात. "बजारात चालल्याच हा, तर चौकातल्या डब्यात टाकून द्याल. माह्ये गुडघे दुखून राहिले."

चौकापर्यंत गेली मी. लाल डब्यासमोर उभी राहिली. पाकीट बोटानं चाचपलं तर आत गोंड्याची राखी लागली. आता तुम्हीच सांगा, सख्ख्या बहिणीची राखी परत पाठवायला माझा हात कसा उठावा? भाजी घेतली, आणि पाकीट पदराखाली लपवून घरी आणलं. दुकानातला एक पितळी डबा होता, झाकणाला पोचा आलेला म्हणून कुणी न घेतलेला. त्यात ठेवलं. आणि त्याच दुपारी एक पोस्टकार्ड लिहिलं. 'ताईस नमस्कार. राखी मिळाली. बांधली. तब्येत बरी आहे. तुझा भाऊ.'

सात वर्षं. सात पाकिटं, सात कार्डं. भाऊ समजत होता बहिणीला राखी परत जाते. बहीण समजत होती भाऊ राखी बांधतो. आणि मधात मी, दोघांशी खोटं बोलणारी. दर वर्षी म्हणायची, यंदा सांगून टाकीन. नाही सांगितलं. राग आला आणि हा माणूस खोली सोडून गेला तर? आणि ते खोटं उघडं पडून बहीणभावाचा उरलासुरला धागाही तुटला तर?

आठव्या वर्षी राखी आलीच नाही.

पौर्णिमा आली, गेली. आणि गुडघे दुखणारा माणूस दिवसातून चारदा फाटकापर्यंत जाऊ लागला. पोस्टमन दिसला की उगाच खाकरायचा. लाल पेन टेबलावर काढून ठेवलेलं, पट्टी त्याच्या बाजूला. चीनची वही तीन दिवस उघडली नाही. ताई त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. काही झालं तर कळवणार कोण? आणि कळवलं तरी हा माणूस म्हणेल, असं गाव नाही.

मी एकदा धीर करून म्हणाली, "फोन लावून पाहा न."

"नंबर नाही माह्याजवळ."

"काढू या."

"कायले?" एवढंच. आणि परत फाटकाकडे निघाले.

रविवार आला. रेणूचा फोन. पोरीला इकडचं काही माहीत नव्हतं, ती आपल्या आनंदात. "बाबूजी, तुमच्यासाठी भारी गोष्ट आणली. आमच्या भाषेच्या मॅडमना तुमच्या वहीबद्दल सांगितलं, त्या खूश झाल्या. त्यांनी सांगितलं, खूप जुन्या काळी उत्तरेत मोठी धामधूम झाली. शत्रू आले. लोक घरंदारं सोडून मोठी नदी ओलांडून दक्षिणेत पळाले. तिकडं उत्तरेत शूझोऊ होतं, ते हातचं गेलं. तर त्या लोकांनी दक्षिणेत नदीकाठी नवं शूझोऊ मांडलं. अशी कितीतरी गावं, परगणे. जागा दुसरी, नाव जुनंच."

बाबूजी मोबाइल अगदी नाकाशी धरून बसले होते. "अन् सरकार? सरकार काय म्हणे?"

"सरकारनं मानलं. त्या लोकांची नावं वेगळ्या वहीत लिहायचे, परत जातील म्हणून. पण गेले नाहीत बरेचसे. पुढं मग त्या गावाच्या नावाआधी दक्षिण लावलं, दक्षिण शूझोऊ."

"कंसात?"

"कंसात नाही बाबूजी, नावाच्या आधीच!" रेणू हसली.

ते हसले नाहीत. "मंग खरं शूझोऊ कोणतं?"

"मीही हेच विचारलं. तर मॅडम म्हणाल्या, दक्षिणेतल्या म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, मी शूझोऊचा. उत्तरेत मागे राहिलेल्याला विचारलं असतं तर त्यानंही तेच सांगितलं असतं. दोघांपैकी खोटं कोण बोलत होतं?"

बाबूजींनी मोबाइल हळूच वनिताच्या हातात दिला. त्या रविवारी त्यांनी वहीत एकही ओळ लिहिली नाही. अंगणातल्या खाटेवर बसून राहिले. चहा नेला तर चष्म्याच्या डबीतली ती पिवळी चिठ्ठी हातात होती, तळहातावर ठेवून पाहत होते.

सोमवारी सकाळी आठला धुतलेलं धोतर नेसून दारात उभे. "वहिनी, अड्याळकडची बस किती वाजता हाय?"

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. आनंद झाला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. हे तिथं जाणार, बहिणीला म्हणणार मी तुझ्या राख्या परत पाठवल्या, बहीण म्हणणार नाही रे, तुझी कार्डं येत होती. मग मी कुठं तोंड लपवू? पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. बहीण असेल का?

"मी बी येते," मी म्हणाली.

"तुम्ही कायले?"

"मले बी पाहू द्या न तुमचं नसलेलं गाव."

पितळी डबा पिशवीत घातला, वर थोडे लाडू घातले, आणि निघालो. एसटीत बाबूजी खिडकीशी. धानाची शेतं हिरवीगार. एरवी हा माणूस बसच्या खिडकीतून प्रत्येक पाटी वाचायचा आणि त्या नावाची दुसरी गावं सांगायचा. त्या दिवशी एक पाटी वाचली नाही.

फाट्यावर उतरलो. पाटी होती, आमडोह, आणि कंसात ते. बाबूजी तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग नव्या वस्तीत शिरलो. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, सिमेंटची घरं. मी म्हणाली, "कुणाले विचारू या." ते ऐकत नव्हते. चालत होते आणि पुटपुटत होते. एका घरावर नाव वाचलं. "सदाशिव." पुढं गेले. "गणपत. बरोबर." पुढच्या दाराशी लिंबाखाली कुणी म्हातारा बाज विणत होता. "तुकाराम होय का रे?" म्हातारा पाहतच राहिला. बाबूजी थांबले नाहीत.

तेव्हा मला उमगलं. सरकारनं चिठ्ठ्या टाकून वाटलेले प्लॉट कुणाला कसेही निघाले असतील, पण या लोकांनी आपसांत बदलून घेऊन गल्ली जशीच्या तशी बसवली होती. जुन्या गावात ज्याच्या शेजारी जो, इथंही त्याच्या शेजारी तोच. नदी राहिली नव्हती, पण शेजार सगळा आला होता. तुकारामच्या बाजूचं घर बाबूजींनी कुणाला न विचारता ओळखलं आणि ओट्यासमोर उभे राहिले. आत जाण्याची हिंमत होईना.

ओट्यावर हिरवा चष्मा लावून एक म्हातारी लाखोळीची डाळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला.

"कोण होय? उन्हात काहून उभा हा?"

मीच म्हणाली, "ताई, तुमचे भाऊ आले."

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. पदर सारखा केला. आणि काय म्हणाली असेल? "सापडला का पत्ता? का पुरा नोहता?"

तिला माहीत होतं.

बाबूजी ओट्याच्या पायरीवरच बसले. "बाई, यंदा राखी काहून नाही आली?"

"डोळ्याचं आपरेशन झालं न रे बाबा. डॉक्टरनं लिहाले मना केली. सुनेले सांगतली असती, पण तिच्या अक्षराची राखी तुले कायले? आंधळी झाली असती तं गोष्ट येगळी."

मी तिथंच एवढा मोठा सुस्कारा सोडला की म्हातारीनं माझ्याकडे मान वळवली. "ह्या बाई कोण व्हय?"

"माह्या घरमालकीण. वहिनी."

"म्हंजे कार्डं ह्याच लिहून राहिल्या होत्या."

आता लपवायचं काय राहिलं? पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून तिच्या मांडीवर ठेवला. सातही पाकिटं. न फोडलेली, प्रत्येकावर लाल अक्षरात पत्ता अपुरा. मी हात जोडले. बाबूजींना म्हणाली, "मले माफ करा. डब्यात टाकाचं जिवावर आलं. मीच ताईले कार्डं लिहिली तुमच्या नावानं. सात वर्षं."

बाबूजी पाकिटांकडे पाहत होते. वर पाहिलं ते बहिणीकडे. "तुले कसं समजलं बाई, कार्ड माह्यं नोहे म्हणून?"

म्हातारी हसली. तोंडात दोन दात, पण हसणं पोरीसारखं. "पयल्याच कार्डाले समजलं. अक्षर कोंबडीनं उकरल्यावानी. बरं, हात कापत असन म्हटलं. पण पोस्टातला माह्या भाऊ, अन् पत्त्यावर पिनकोड नाही? तू नव्या गावाले पत्ताच मानत नाही, थे तं साऱ्यायले ठावं होतं. मंग मी म्हटली, त्याच्या घरी कोनी भली बाई हाय, तिले माह्यी दया येते. म्हनून मी बी राख्या पाठवतच राह्यली. कोनाले तरी पोचून राह्यल्या होत्या न."

बाबूजी माझ्याकडे वळले. मी डोळे मिटून घेतले. आता काय बोलणार ते बोलू दे. सात वर्षांची फसवणूक होती.

"वहिनी," ते म्हणाले, आणि आवाजात खराखुरा धक्का होता, "तुम्ही सात वर्षं पिनकोड नाही टाकला?"

म्हातारी हसत सुटली, मी हसत सुटली, आणि मग तेही. शेजारचा तुकाराम बाज सोडून पाहायला आला. ताईच्या सुनेनं पाट मांडला, ओवाळायचं ताट आणलं. म्हातारीला धड दिसत नव्हतं, मी पाकिटं फोडून एकेक राखी हातात देत गेली आणि ती बोटानं चाचपत मनगटावर बांधत गेली. सात राख्या. हात कोपरापर्यंत भरला. आठवी तिनं उशीखालून काढली. आणलेली होती, फक्त पत्ता लिहायचा राहिला होता.

परतीच्या बसमध्ये त्यांनी निळी वही काढली. तीन राख्या बाहीच्या बाहेर लोंबत होत्या, लोक पाहत होते, त्यांना पर्वा नाही. चीनच्या शेवटच्या पानावर आधी राहिलेलं शूझोऊ लिहिलं आणि त्याखाली: 'आमडोह. दोन. एक वैनगंगेच्या पाण्याखाली. दुसरं रस्त्याच्या कडेला, शेजार तोच.' आणि चष्म्याच्या डबीतली चिठ्ठी त्या ओळीपाशी चिकटवायला ठेवून दिली, घरी गेल्यावर खळ करू म्हणाले.

दिवाळीनंतर ते तिकडंच राहायला गेले. ताईनं एक खोली वाढवून घेतली होती. जाताना वही रेणूसाठी ठेवून गेले. खोली रिकामी झाली तर मला चार दिवस गमेना. नुसतं उगाच पुढच्या खोलीत जाऊन बसावं असं वाटे. मग मी त्यांना चिठ्ठी लिहिली. रेणू पास झाली, वनिताचा बीपी वाढला, मिठाची बरणी फुटता फुटता वाचली, सगळं लिहिलं. पत्ता टाकला, आमडोह, तालुका पवनी, आणि घाईत पोस्टात टाकून आली.

आठ दिवसांनी तेच पाकीट माझ्या दारात परत. वर लाल पेननं, पट्टी धरून, 'पत्ता अपुरा. पाठवणाऱ्याकडे परत.'

आधी जीव धसकला. मग उलटून पाहिलं. पाकीट उघडून वाचलेलं होतं आणि भाताच्या खळीनं नीट परत चिकटवलेलं. आतमध्ये माझी चिठ्ठी, आणि तिच्या खाली त्याच सरळ अक्षरात एक ओळ: 'बरणी खिडकीखालून हलवा, पण शेजार तोच ठेवा.'

वनिता म्हणते, आई, आता तरी पिनकोड पाठ करा. पाठ आहे मला. पण मी टाकत नाही. टाकला तर चिठ्ठी परत कशी येईल?